त्या पेशंटची उंची मोज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, "आई, व्हेंटिलेटरवर श्वासाला पाचशे मिली ठेवलंय, ऑक्सिजन बरा दिसतोय." मी ओपीडीत होते, नीट बोलता आलं नाही. रात्रभर ते पाचशे डोक्यात राहिले.

बाई ८२ किलोच्या, हे तू सांगितलंस. उंची किती? माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. उंची १५० सेंटिमीटर असेल, तर उंचीवरून काढलेलं हिशेबाचं वजन येतं ४३ किलो. किलोमागे ६ मिली, म्हणजे एका श्वासाला २६०. तू जवळजवळ दुप्पट देते आहेस. सुजलेल्या फुप्फुसाचा जो थोडा भाग उघडा आहे, तोच दर श्वासाला ताणला जातोय.

२००० साली अमेरिकेत अशाच सुजलेल्या फुप्फुसांच्या ८६१ पेशंटवर हे तपासलं. किलोमागे १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१. आणि सुरुवातीचे दिवस ऑक्सिजन चांगला दिसत होता तो १२ मिलीच्याच गटात! म्हणून तुझ्या त्या "बरा दिसतोय"ची मला धास्ती वाटली.

तो पेपर मी तेव्हाच वाचला होता. तरी पुढे कित्येक वर्षं माझा हात सवयीने पाचशेवरच जायचा. वॉर्डात साधी टेप नव्हती.

दुसरी गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. एप्रिल २०२१, कोविडची लाट. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा देऊन मृत्यू कमी होत नाहीत, हे आयसीएमआरच्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ पेशंटवरच्या अभ्यासातून आदल्या ऑक्टोबरातच छापून आलं होतं. मला ते ठाऊक होतं. पण एका पेशंटच्या मुलाने हात जोडले आणि मी प्लाझ्मासाठी चिठ्ठी लिहून दिली. तो रात्रभर रक्तपेढ्या फिरला. पहाटे तीनला थर्माकोलच्या डब्यातून पिशवी घेऊन आला, तोवर वडिलांना श्वासाची नळी घातलेली, बोलणं बंद. संध्याकाळी ते मास्कवर होते, बोलत होते. चिठ्ठीऐवजी मी त्या दोघांचा व्हिडिओ कॉल लावून द्यायला हवा होता. वडील गेले. पुढच्याच महिन्यात प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शिकेतून काढला.

तर आज राऊंडच्या आधी शिंप्याची टेप घे. बाईंना सरळ झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत मोज आणि आकडा चार्टवर ठळक लिही. सरांशी बोलून श्वासाचा व्हॉल्यूम उतरव, मिनिटाचा रेट वाढव. कार्बन डायऑक्साइड थोडा चढेल, एबीजीवर, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीवर, लक्ष ठेव. तरीही जमलं नाही तर पालथं झोपवायचा विषय काढ. तेही तासाभराचं काम नाही, सलग सोळा तास तरी हवेत.

उंची कळली की लगेच मेसेज कर. आणि डबा खा.

तुझी,
आई