'एमएलएच-१ नाही' म्हणजे घराण्याचा दोष नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जठराच्या कर्करोगावरील आपल्या लेखात 'जनुकीय बिघाड' आणि 'आनुवंशिक' हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत. रिपोर्टवर 'एमएलएच-१ नाही' (एका दुरुस्ती-जनुकाचे प्रथिन दिसत नाही) असे आले की रुग्णाच्या मुलांच्या सोयरिकीपर्यंत पोहोचणाऱ्या शंका याच गोंधळातून निघतात, म्हणून हा खुलासा.

जठराच्या अनेक गाठींत काही जनुकांची अक्षरे शाबूत असतात. जनुक जिथून वाचायला सुरुवात होते, त्या भागातील सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर मिथाइल गट चिकटतात (यालाच मेथिलेशन म्हणतात) आणि वाचन थांबते. सातबाऱ्यावर जमीन जशीच्या तशी असते, पण इतर हक्कांत बंदीचा शेरा पडला की खरेदीखत होत नाही, तसेच हे. असा शेरा बहुधा वाढत्या वयात आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूच्या वर्षानुवर्षांच्या दाहातून पडतो. जंतू मारल्यावर मेथिलेशन कमी होते, पण पूर्ण पुसले जात नाही. त्यामुळे उपचार लवकर झालेले बरे. आणि त्या जंतूची तपासणी करायची तर पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे व प्रतिजैविके चार आठवडे बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येतो.

एमएलएच-१ हे डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारे जनुक. अमेरिकेतील कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने २०१४ मध्ये मांडलेल्या २९५ जठरगाठींपैकी सुमारे २२ टक्के दुरुस्ती बिघडलेल्या गटात होत्या, आणि त्यातल्या बहुतेकांत एमएलएच-१ मेथिलेशनने बंद होते. गाठीच्या तुकड्यावर (बायोप्सीवर) दुरुस्तीची चार प्रथिने रंगवून हे कळते. एमएलएच-१ आणि त्याचे जोडीदार प्रथिन पीएमएस-२ जोडीने नाहीशी होतात. शेजारच्या निरोगी लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) रंग आला आहे का, हे आधी पाहावे. तिथेही नसेल तर तपासणीच फसलेली आहे. रिपोर्टमधला 'लॉस' (प्रथिन दिसत नाही) हा शब्द नातेवाइकांना कुणीतरी बसून समजावायला हवा. त्यात इम्युनोथेरपीची (प्रतिकारशक्तीच्या आधारे उपचाराची) शक्यता दडलेली असते, म्हणून ही तपासणी उपचार ठरवण्याआधी व्हावी.

इथेच एक चूक वारंवार होते. मोठ्या आतड्याच्या गाठीत बीआरएएफ जनुकाचे उत्परिवर्तन सापडले की आनुवंशिकता जवळजवळ बाद होते. जठरात ते फारच क्वचित असते, तेव्हा ते सापडले नाही यावरून काहीच ठरत नाही. थेट एमएलएच-१चे मेथिलेशनच तपासावे लागते. ते असेल तर घराण्याचा संशय बहुतांशी मिटतो. रुग्ण तरुण असेल तर मात्र ते रक्तातही आहे का पाहावे. गाठीत मेथिलेशन नसेल तर समुपदेशन करून रक्ताची जनुक-तपासणी. हा नियम जठराच्या आनुवंशिक कर्करोगाशी जोडलेल्या सीडीएच-१ या दुसऱ्या जनुकाला लावू नये. त्या जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असलेल्या घराण्यांत (१९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत हे प्रथम दिसले) दुसरी प्रत अनेकदा मेथिलेशननेच बंद होते.

आता तुकड्याविषयी, कारण बहुतेक घोटाळा प्रयोगशाळेच्या आधीच झालेला असतो. जत किंवा माणमधून निघालेला तुकडा पुण्या-मुंबईला पोहोचेपर्यंत कशात पडून होता, हे फॉर्मवर क्वचितच लिहिलेले असते. तुकडा टिकवण्यासाठी बाजारातल्या फॉर्मॅलिनमध्ये नळाचे पाणी ओतून भागत नाही. १०० मिलि फॉर्मॅलिन, ९०० मिलि ऊर्ध्वपातित पाणी, सोडियम फॉस्फेट मोनोबेसिक ४ ग्रॅम, डायबेसिक ६.५ ग्रॅम. हे क्षार नसतील तर फॉर्मिक आम्ल तयार होऊन डीएनए तुटतो, आणि मेथिलेशन तपासण्यासाठीची पुढची बायसल्फाइट प्रक्रिया त्याचे आणखी तुकडे करते. द्रावण तुकड्याच्या निदान दहापट हवे, मुदत ६ ते ७२ तास. शस्त्रक्रियेत काढलेले जठर बंद पिशवीसारखे बुडवू नये. गाठ टाळून मोठ्या वक्राकडून उघडावे, पसरून टाचावे. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम १ मिलिमीटर शिरते. आतला भाग तोवर कुजतो, रंग फिका पडतो आणि नसलेला 'लॉस' दिसतो.

बायसल्फाइटने मेथिल नसलेले सायटोसिन युरॅसिलमध्ये बदलते. हा बदल अर्धवट राहिला तर मोकळे जनुकही बंद भासते आणि खरोखर धोक्यात असलेल्या कुटुंबाला 'काळजी नको' असे सांगितले जाते. म्हणून दर फेरीत पूर्ण मेथिलेटेड आणि पूर्ण अमेथिलेटेड असे दोन्ही नमुने सोबत चालवावेत. काचपट्टीवर गाठीचा भाग आखून तेवढाच खरवडावा. निरोगी पेशी जास्त आल्या तर मेथिलेशन पातळ होऊन हुकते. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी फॉर्मवर रुग्णाचे वय, जठराचा कोणता भाग आणि तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ एवढे तीन तपशील लिहिले तरी पुष्कळ काम सोपे होईल.

– एक पॅथॉलॉजिस्ट, सांगली