सूचना : मिनी ट्रॅक्टर रस्त्यावर काढण्याआधी

गोराई, मनोरी आणि आरे भागातल्या सभासदांनो, पेरणीपूर्व कामं सुरू होतायत. ट्रॅक्टर शेताच्या पट्टीत फिरतो तोवर कुणी विचारत नाही, पण एका वाडीतून दुसरीत जाताना डांबरी रस्ता लागतोच, आणि तिथे छोटा ट्रॅक्टरही मोटार वाहन कायदा, १९८८ खालीच येतो.

नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा दोन्ही हवेतच. चालवणाऱ्याकडे एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स असावं. रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन ७५०० किलोच्या आत असलं की हे लायसन्स चालतं, आणि आपले सगळे त्यात बसतात. ट्रॉलीची नोंदणी मात्र वेगळी. हे बरेच जण विसरतात.

जुना ट्रॅक्टर घेताना घाई नको. नाशिककडून स्वस्तात मिळतो खरा, पण चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला (फॉर्म २८), मालकी बदलाचे सह्या केलेले फॉर्म २९ व ३०, आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र व आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विकणारा ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर सरळ परत या. आपलं नोंदणीचं काम बोरिवली आरटीओत, म्हणजे नंबर एमएच-४७चा.

चिखलणीची लोखंडी चाकं काढून रबरी टायर लावूनच बाहेर पडा. मागे लाल रिफ्लेक्टर हवा. मडगार्डवर पोरं बसवू नका. आणि हो, अटल सेतूवर ट्रॅक्टरला बंदी आहे.

कागद तपासून हवे असतील त्यांनी झेरॉक्स घेऊन रविवारच्या बैठकीला यावं.