अ‍ॅप द्या, पण बाहुलीही कपाटातून काढा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

दुर्गम भागातल्या नर्सेसना बालरुग्णांच्या देखभालीचं प्रशिक्षण मोबाइल अ‍ॅपवरून द्यावं, असं हल्ली बरंच बोललं जातं. मी बालरुग्ण विभागातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले, पाटणला राहते. कोयना खोऱ्यात नोकरी करणाऱ्या मुली अडलं-नडलं की फोन करतात, म्हणून हे पत्र.

अ‍ॅपला माझा विरोध नाही. आमच्या वेळी प्रशिक्षण म्हणजे साताऱ्याला जाणं. उपकेंद्रात एकटीच सिस्टर असली की तिला सोडणार कोण? मग दर वेळी त्याच त्या जणी जायच्या. शिवाय जन्मल्यावर न रडणारं बाळ लहान केंद्रात क्वचितच वाट्याला येतं, तोवर शिकलेलं विसरायला होतं. पहिल्या मिनिटात बाळाने श्वास घेतला नाही तर अंबू बॅग (मास्क लावलेली, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावून मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यायचे असतात. तेव्हा पुस्तक कोण उघडणार? नाइटला निवांत असताना व्हिडिओ पुन्हा पाहून ठेवलेला असेल, तर धीर राहतो.

इथिओपियातल्या ग्रामीण केंद्रांत बाळंतपणातली काळजी व्हिडिओंतून शिकवणाऱ्या 'सेफ डिलिव्हरी अ‍ॅप'ची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बाळाला श्वास देण्याचं कौशल्य वर्षभरानंतरही सुधारलेलं दिसलं. बाळांचे मृत्यू मात्र खात्रीने म्हणता येईल इतके घटले नाहीत. अ‍ॅपचं कौतुक करताना हे दुसरं वाक्य गाळू नये.

मास्क नाका-तोंडावर नीट बसलाय का, मान किती मागे घ्यायची, हे हाताला कळावं लागतं. त्यासाठी सरावाची बाहुली असते. मी पाहिलेल्या एका रुग्णालयात ती कपाटात कुलूपबंद होती. बिघडली तर भरपाई कोण करणार, ही भीती! प्लॅस्टिकमधून बाहेर काढलीच नव्हती.

श्वास मोजण्याचंही तेच. "पोट उडतंय सिस्टर," म्हणत आई बाळाला आणते. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० म्हणजे श्वास जलद. हे आकडे अ‍ॅप घोकून घेईल. पण बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायची सवय शेजारी उभं राहूनच लावावी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या मुली माझी बोलणी खात.

बामणोली-तापोळ्याकडे, कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावांत रेंज मिळेल तेव्हा मिळते, पावसाळ्यात विजेचंही तेच. तेव्हा एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालणारंच अ‍ॅप हवं. फोन सिस्टरचा, नेटपॅक तिचा, वर बघायचं ड्युटी संपल्यावर, हे बरोबर नाही. आठवड्याला ड्युटीतलाच तासभर द्या. आणि व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला म्हणून 'प्रशिक्षण पूर्ण' असा शेरा मारू नका. बाहुलीवर करून दाखवल्यावर मारा.

दाखवून घ्यायला माणूस नाही, ही सबब सांगू नये. माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर तालुक्यात बऱ्याच आहेत. महिन्यातून एकदा बाहुली घेऊन केंद्रावर जायला आमची तयारी आहे. एसटीत आम्हा बायकांना निम्मं तिकीट आहेच, उरलेलं आरोग्य विभागाने द्यावं.

– एक निवृत्त परिसेविका, पाटण (जि. सातारा)