ड्रोनला वळचणीखालचा बोळ दिसत नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गावठाणातल्या घरांची प्रॉपर्टी कार्डं वाटल्याचे फोटो आपल्या पेपरात अधूनमधून येतात, स्टेज, हार, हातात सनद वगैरे. १८ जानेवारी २०२५ ला तर देशभरात एका दिवसात ६५ लाखांवर कार्डं वाटली. मी या स्वामित्व योजनेच्या, म्हणजे ड्रोनने गावठाण मोजून घराच्या मालकीचं कार्ड देण्याच्या, विरोधात नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लोक लगेच म्हणतात ह्यांना काहीच नको असतं. पण ड्रोनच्या नकाशाचं गावात पुढे काय होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

इंग्रजांनी सारा बसवायला शेतं मोजली, गावठाणाला सारा नव्हता म्हणून ते आतून मोजायचं राहिलं. पुढे मोठ्या गावांत सिटी सर्व्हे झाला, आमच्यासारख्या छोट्या गावात घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, तो कर आकारणीचा, मालकीचा नाही, हे कर्जासाठी बँकेत गेलं की कळतं. मग पुरंदर तालुक्यात सोनोरीला ड्रोनचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोन सर्व्हे ऑफ इंडियाचं, चौकशी आणि कार्ड भूमी अभिलेख खात्याचं, गावात फिरून हद्दी दाखवायला ग्रामपंचायत. अचूकता म्हणे ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटं. खरं असेल, मला शंका नाही.

फक्त ही अचूकता वरून दिसतं त्याची आहे.

आमच्याकडे ड्रोन यायच्या आधी ज्याने त्याने आपली हद्द चुन्याने आखायची असा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. गावातली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबई-पुण्याला, चुना मारणार कोण? आमच्या घरी चुलती एकटी, तिने शेजारच्या पोराकडून अंगणापुरता मारून घेतला, मागचा बोळ राहिला. आता हा बोळ म्हणजे काय तर आमचं आणि शेजाऱ्यांचं कौलारू घर, मधे दोन-अडीच फूट जागा, दोन्हीकडची पागोळी त्यात पडते. आजोबांच्या वेळी त्या पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हा पंचांनी ठरवून दिलं की बोळ सामाईक, कोणी भिंत पुढे घ्यायची नाही. कागद नाही पण अख्ख्या आळीला माहीत आहे. वरून बघितलं तर वळचणीला वळचण टेकलेली, फोटोत दोन छपरांमधे नुसती बारीक काळी रेघ, आणि नकाशावर तीच रेघ हद्द झाली! बोळ गेला. वर दोघांचंही क्षेत्र भिंतीऐवजी पन्हाळीपर्यंत धरलं, म्हणजे उद्या घरपट्टी वाढली तर पागोळी पडते त्या जागेचीसुद्धा आम्हीच भरायची.

यात ड्रोनची चूक नाही. नकाशा काढल्यावर जागेवर येऊन पडताळणी करायची असते, टेप लावला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. चौकशीची नोटीस म्हणे बोर्डावर होती, मला कळलं तोवर मुदत संपलेली, आता अपील करा म्हणतात. नकाशा बघायला मागितला तर उत्तर मिळालं की तो कॉम्प्युटरवर आहे आणि कॉम्प्युटर ज्यांना येतो ते आज आले नाहीत.

बरं एवढा खर्च करून नकाशा झालाच आहे तर ग्रामपंचायतीने तो घरपट्टी सोडून कशाला तरी वापरावा ना? आमच्या नळयोजनेची पाइपलाइन कुठून जाते, व्हॉल्व्ह कुठे पुरलेत हे फक्त पाणी सोडणाऱ्या मामांच्या डोक्यात आहे. गेल्या पावसाळ्यात ते आजारी पडले नेमकी तेव्हाच लाइन फुटली आणि एक व्हॉल्व्ह शोधायला तीन ठिकाणी रस्ता खोदला, शेवटी तो सापडला गोठ्यासमोरच्या उकिरड्याखाली. जीआयएस म्हणजे दुसरं काय असतं, एका नकाशावर घरं, दुसऱ्या थरात पाइप, तिसऱ्यात गटार, खांब, विहिरी, सगळे थर एकमेकांवर ठेवून बघायचे. मामांना मोबाइल देऊन एक दिवस गावात फिरवलं तरी व्हॉल्व्हचा थर तयार होईल.

माझी मागणी साधी आहे. गावठाणाचा नकाशा मोठा छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि त्यावरची ग्रामसभा यात्रेच्या दिवसांत घ्या, तेव्हा मुंबईकर गावात असतात. एकेका आळीच्या म्हाताऱ्यांना नकाशासमोर उभं करा आणि ते बोट ठेवून सांगतील ते लिहून घ्या. ज्यांची कार्डं अजून व्हायचीत त्या गावांत हे आधी करा, आणि आमच्यासारख्यांच्या दुरुस्त्या अपिलाला न पाठवता जागेवरच करून द्या.

आमचा शेजारी भला माणूस आहे, बोळाचं त्यालाही मान्य आहे म्हणून अजून वाद नाही. पण त्याचा मुलगा येत्या उन्हाळ्यात कौलं काढून स्लॅब टाकायचं म्हणतोय आणि प्लॅन काढायला त्याने इंजिनिअरकडे हे कार्डच दिलंय.

आपला,
एक वाचक, जि. सातारा