आईला, हॅम्बुर्गहून

हॅम्बुर्ग,
आगमनकाळाचा तिसरा रविवार

प्रिय आई,

जय ख्रिस्त.

तुझा परवाचा मेसेज वाचला. यंदा अंथरुणावरच्या आजीला सोडून चर्चला जाता येणार नाही, फराळही होणार नाही, म्हणजे नाताळ असून नसल्यासारखाच, असं तू लिहिलंस. फोनवर बोलले असते, पण तू मधेच “जेवलीस का?” विचारतेस आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहायलाच बसले. बाबांकडून वाचून घे, तुझा चष्मा अजून दुकानातच पडला असणार.

इथे सध्या साडेआठला उजाडतं आणि चारला दिवस मावळतो. तिकडे नागपुरात, मेकोसाबागेत तुम्ही या दिवसांत गच्चीवर ऊन खात संत्री सोलत असाल, मी इथे दुपारीच दिवे लावून बसते. पण एक आहे, आगमनकाळ कशाला म्हणतात ते या अंधारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे डिसेंबर लागला की चांदणी टांगायची, कॅरोलवाले दारात, चकलीचा घाणा चुलीवर. वाट पाहायला उसंत असते कुणाला! इथे नाताळाआधीचे चार रविवार आणि चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची.

ही रीत याच गावातली. योहान हिन्रिख विशर्न नावाचे एक धर्मसेवक होते. गरिबीत वाढणाऱ्या, वाऱ्यावर सोडलेल्या मुलांसाठी त्यांनी १८३३ साली इथे आश्रम काढला, तो आजही चालू आहे. मुलं रोज विचारून जीव खायची, नाताळ कधी, नाताळ कधी? मग १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची, म्हणजे किती उरले ते पोरांनाच दिसतं. आता घरोघरी सूचिपर्णी फांद्यांचं सुबक कडं असतं आणि त्यावर फक्त चार मेणबत्त्या. मला ते चाकच जास्त आवडतं.

मी काम करते त्या वॉर्डात आगीच्या भीतीने सेलवरच्या मेणबत्त्या आहेत. बंदरावर उभा जन्म काढलेले एक आजोबा आहेत. रात्री झोपायच्या आधी ते त्यांना फुंकर मारतात. विझत नाही म्हणून पुन्हा मारतात, मग चिडतात. मी खालून हळूच बटण बंद करते, की स्वारी खूश. त्यानंतर त्यांचं डायपर बदलायचं, कूस वळवायची, तोंड पुसायचं. अंगापिंडाने आडदांड माणूस, पण पांघरूण वर ओढायचं तरी माझ्याकडे बघतो.

तिथेच माझ्या मनात आलं ते तुला सांगायचं आहे. लूककृत शुभवर्तमानात येशूबाळाची खूण काय दिली आहे? बाळंत्याने गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं. राजवाडा नाही, तलवार नाही. देवाला यायचंच होतं तर मोठा माणूस होऊन आला असता, कोणी अडवलं होतं? पण आला तो असा, की दुसऱ्याने पाजल्याशिवाय, पुसल्याशिवाय त्याचा दिवस जाऊ नये. मरियेने त्याची दुपटी धुतलीच असणार ना! आपल्या गीतांत हे कधी येत नाही, सगळे देवदूतांवरच थांबतात. ३२५ साली निकीयाच्या परिषदेत ज्याला ‘खऱ्या देवापासून खरा देव’ म्हटलं आणि आपण मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, उभं राहून जे म्हणतो, ते या परावलंबी लेकराबद्दलच. मला तर नाताळात याहून मोठं काही दिसत नाही.

आणि जन्माची बातमी पहिल्यांदा कुणाला मिळाली? मंदिरातल्या याजकांना नाही. रात्री कळप राखत जागे असलेल्या मेंढपाळांना, म्हणजे रात्रपाळीवाल्यांना. ते उपासनेला गेले नव्हते, कामावर होते. तू रात्री दोनदा उठून आजीला कुशीवर वळवतेस, तेव्हा नाताळ चुकतो आहे असं मनात आणू नकोस. तू म्हणशील, पोरगी पाळकीणबाईसारखी प्रवचन देऊन राहिली! देऊ दे. चर्चला जाऊच नको असं माझं म्हणणं नाही, मला स्वतःला इथे आपल्या मराठी गीतांवाचून फार चुकल्यासारखं होतं.

दादाला नाताळाच्या तारखेवरून वाद घालायचा होता ना? त्याला सांग, शुभवर्तमानात तारीख दिलेली नाही हे खरंच आहे. २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात सापडते, आणि आर्मेनियन मंडळी तर आजही ६ जानेवारीला जन्म साजरा करतात. आपलं काही बिघडत नाही.

याच लूकच्या दुसऱ्या अध्यायात पुढे हन्ना येते, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, आपल्या आजीच्याच वयाची. तिला बाळ बघायला मिळालं. तेवढा भाग आजीला वाचून दाखव, म्हणजे बाबांना दाखवायला सांग.

आता कामाचं. पाळकसाहेबांना फोन कर, अंथरुणावर असलेल्यांसाठी ते प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घरी घेऊन येतात. तू भिडेपोटी विचारणार नाहीस, म्हणून दादाला सांगितलं आहे. करंज्या विकत आणा, कोणी नावं ठेवणार नाही. काकू एक रात्र आजीजवळ झोपायला तयार आहे, तिला नाही म्हणू नकोस. २४ तारखेला माझी रात्रपाळी आहे. इथे मध्यरात्र झाली की तुमच्याकडे पहाटेचे साडेचार, तेव्हा फोन करीन, तू जागीच असशील.

आजीला माझा जय ख्रिस्त सांग. उजव्या कानात सांग, डाव्याने तिला ऐकू येत नाही.

तुझी,
छोटी