'मेरिटोक्रसी' हा गौरवाचा शब्द नव्हता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील शिक्षणविषयक लेखात 'मेरिटोक्रसी' (गुणवत्तेच्या जोरावर मिळालेली सत्ता) हा शब्द आदर्श व्यवस्थेचे नाव म्हणून आला आहे. लेख पोटतिडकीने लिहिलेला आहे, पण या शब्दाची जन्मकथा वाचकांना कळायलाच हवी असे मला वाटते.

लॅटिन 'मेरिट'ला सत्ता या अर्थाचे ग्रीक शेपूट जोडलेला हा शब्द रूढ झाला तो ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकल यंग यांच्या १९५८ सालच्या 'द राइज ऑफ द मेरिटोक्रसी' या उपहासात्मक पुस्तकामुळे. तेव्हा इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवर मूल 'ग्रामर स्कूल'मध्ये, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या शाळेत, जाणार की नाही, हे ठरत असे. बुद्धी अधिक प्रयत्न म्हणजे मेरिट, असे सूत्रच यंग यांनी पुस्तकात मांडले आणि त्यावर उभा राहिलेला भविष्यातला समाज रंगवला. वरचे लोक म्हणतात, आम्ही लायकीने वर आलो. खालच्यांना तर जन्माला किंवा नशिबालाही बोल लावता येत नाही. आपण नालायकच आहोत, हे त्यांच्या मनावर ठसते. मला तरी हे जुन्या सरंजामशाहीपेक्षा क्रूर वाटते.

सरंजामशाहीनेही शब्द बिघडवलेच. 'व्हिलन' मुळात 'व्हिला'वरचा, म्हणजे जमीनदाराच्या शेतवाडीवर राबणारा माणूस. धन्याच्या तोंडी त्याचे नाव गावंढळ, मग हलकट आणि शेवटी खलनायक या अर्थाने रुळले. राबणाऱ्याचे नाव शिवी झाले आणि यंग यांनी दिलेला इशारा मात्र शाबासकी होऊन बसला. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर 'मेरिटोक्रसी' हा शब्द कौतुकाने वापरू लागले, तेव्हा २००१ मध्ये यंग यांनी 'द गार्डियन'मध्ये लेख लिहून तसे न करण्याची विनंती केली. जानेवारी २००२ मध्ये ते वारले.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते, 'मेरिट = मार्क'. शेजारी चाचणीचे गुण, आणि त्यांवर इतकी गिरगट की कागद फाटला होता. अशा मुलांच्या घरीही आपली पुरवणी जाते. पुढच्या अंकात यंग यांचा मूळ अर्थ चौकटीत छापावा, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका