गुडघ्याच्या हिशेबाने नाशिक

नाशिक,
१८ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

घर उघडून आज चार दिवस झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थोडी ओल आली आहे, गॅलरीतील तुळस शेजारच्या काकूंनी जगवली आहे आणि वीजबिल भरून झाले आहे. एवढे कळवून पत्र आटोपते घेता आले असते, पण नागपूरहून मी निघताना बाबा म्हणाले होते, “आता नाशिकला येऊन करायचे काय? मला पायऱ्या चढवत नाहीत, आणि आपले सगळे नाशिक पायऱ्यांवरच आहे.” ते वाक्य गाडीत रात्रभर डोक्यातून गेले नाही. म्हणून या चार दिवसांत मी आपल्या सगळ्या जागा पुन्हा फिरून आले, आणि जिथे जाईन तिथे बाबांचा गुडघा माझ्या सोबत आहे असे धरून चालले. त्याची ही हकीकत.

पहिल्या दिवशी अर्थातच गंगेवर गेले. (पुण्यातील मैत्रिणींना आपण गोदावरीला गंगा का म्हणतो हे अजून उमगलेले नाही, आणि मीही समजावण्याचा नाद सोडला आहे.) गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला गुडघ्यापर्यंत पाणी होते. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे तुम्ही कधीच विचारत नाही, “मारुतीच्या कुठपर्यंत?” एवढाच तुमचा प्रश्न असतो, आणि त्याचे तुमचे कोष्टक मला लहानपणापासून पाठ आहे. गुडघ्यापर्यंत असले तर काळजी नाही, कमरेपर्यंत आले की टपऱ्या हलवायच्या, छातीला लागले की सराफ बाजारातील दुकानदारांनी माल माळ्यावर चढवायचा, आणि नारोशंकराच्या देवळातील घंटेला पाणी लागले तर मग बोलायलाच नको. २००८ च्या सप्टेंबरात सराफ बाजारात पाणी शिरले होते, तेव्हा तुम्ही छत्री घेऊन पूर पाहायला गेलात आणि आईने तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला, हेही त्याच कोष्टकात माझ्या मनाने लिहिलेले आहे. या वेळी मात्र मारुतीच्या गुडघ्यापेक्षा तुमच्याच गुडघ्याचा विचार अधिक झाला, कारण रामकुंडाच्या बाजूला उतरताना शेवाळावरून माझाच पाय घसरला आणि मी तिसऱ्या पायरीवर चांगलीच बसले. तेव्हा घाटाच्या पायऱ्या बाद. पण पावसाळा सरल्यावर यशवंतराव महाराज पटांगणापर्यंत रिक्षा आणता येईल. जिथे बसून तुम्ही मे महिन्यातील वसंत व्याख्यानमाला ऐकत होता, तिथेच खुर्ची टाकून गंगा पाहत बसावे. एकही पायरी उतरायची नाही.

तेथून तिवंधा चौकात गेले. आपला वाडा पडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचे मला आता फारसे वाईट वाटत नाही, कारण त्या वाड्याचे छत पावसाळ्यात कसे गळायचे हेही मला आठवते. मी गेले होते रहाड, म्हणजे रंगपंचमीचा जमिनीखालचा हौद, पाहायला. पाहायला म्हणजे काय, ती वर्षभर दिसतच नाही. लाकडी ओंडके टाकून वर माती आणि रस्ता, त्या रस्त्यावर आता दुचाक्यांची रांग. त्या रांगेच्या मधोमध उभी राहिले तर एक मुलगा अंगावर आला, “ताई, गाडी काढायची आहे.” त्या बिचाऱ्याला काय सांगणार, की तुझ्या गाडीखाली पेशवाईपासूनचा हौद आहे, रंगपंचमीला तो उघडतो आणि माझे वडील त्यात धप्पा मारत असत! शनी चौकाची रहाड गुलाबी, जुन्या तांबट आळीची केशरी आणि आपली पिवळी. पळसाची नि इतर फुले मोठ्या कढईत उकळताना चौकभर जो ओलसर, किंचित तुरट वास पसरायचा, तो मला पुन्हा कुठेही मिळालेला नाही. बाबा काठावर दोन्ही हात जोडून उभे राहत, मग उडी, मग पाणी अंगावर येऊन काठावरच्या बायका किंचाळत मागे सरत, आणि बाबा वर येत ते भुवयांपर्यंत पिवळे होऊन. आईने ती बनियन तीन वर्षे फरशी पुसायला वापरली, तरी तिचा रंग गेला नाही. धप्पा आता मारायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. पण रंगपंचमीला समोरच्या ओट्यावर बसायला जागा मिळेल, असे तेथील जुन्या किराणावाल्या काकांनी आपण होऊन सांगितले आहे.

आई, तुझ्या जागेचीही चौकशी केली. भांडीबाजार होता तसाच आहे; म्हणजे स्टील आणि नॉनस्टिकने दुकानांची दर्शनी बाजू बळकावली आहे, पण आत गेले की पितळी घंगाळ, तांब्याचे हंडे आणि पूजेची उपकरणी त्याच उतरंडीने रचलेली दिसतात. घरातले दुधाचे पितळी पातेले मी बरोबर घेऊन गेले होते. कल्हईवाल्याने ते बोटाने आतून फिरवून पाहिले, आणि “यात किती दिवस दूध तापवलेले नाही?” असे विचारले. दीड वर्ष, मी म्हटले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी गाय उपाशी ठेवली होती.

काळाराम मंदिरात घाईने जाऊन आले, कारण गर्दी होती. तरी पूर्व दरवाज्यापाशी थांबले; बाबा दर्शनाआधी तिथे थांबून आम्हा दोघा भावंडांना २ मार्च १९३० ची गोष्ट सांगत, डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाची, आणि “देवापेक्षा आधी हे ऐका” असे बजावत. त्या वयात मला ती भूक लागलेली असताना लांबलेली गोष्ट वाटत असे. आज ती सांगायला बाबा सोबत नव्हते, हे जाणवले. सार्वजनिक वाचनालयात तुमची वर्गणी भरून आले. १८४० पासून चालत आलेल्या संस्थेत तुमचे नाव बाकीदारांच्या यादीत जावे, हे मला बरे वाटेना. टिळकवाडीत तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, घरावरून रिक्षा नेली, पण उतरले नाही.

मिसळीचे मात्र सविस्तर लिहिते, कारण नागपुरात तर्री-पोह्यांवर तुम्ही समाधान मानल्याचे दादा सांगतो आणि मला ते शरमेचे वाटते. गंगापूर रोडच्या पुढे मळ्यांत जी मिसळ मिळते, ती आता सहलीचे साधन झाली आहे: द्राक्षवेलींखाली टेबले, सोबत पापड, दही, जिलबी, मुलांसाठी झोका. चव वाईट नाही. पण मिसळ खायला गेलेल्या माणसाने झोक्याकडे कशाला पाहावे? गावातल्या आपल्या अरुंद दुकानात अजून तोच काळा रस्सा आहे, खोबरे आणि कांदा चांगला काळपट होईपर्यंत भाजलेला. तो मटकीवर पडला की वर तर्रीचा लाल तवंग सुटतो आणि शेव क्षणभर तरंगून मऊ होते. अकरा वाजता रस्सा संपतो आणि मालक संपल्याचे काहीशा अभिमानाने सांगतो. बाके उंचीला सोयीची आहेत, दारात एकच पायरी आहे. बाबांना जमेल. आईने ताक घेऊन बसावे.

पांडवलेणी जमणार नाहीत. पायऱ्या दोनशेच्या घरात आहेत, मी मोजत चढले, आणि मधेच दम लागल्यामुळे मोजणी चुकली. तिसऱ्या लेण्यात जाऊन गौतमी बलश्रीच्या शिलालेखासमोर उभी राहिले. गौतमीपुत्र सातकर्णीच्या मागे त्याच्या आईने नातवाच्या राज्यात कोरवलेला तो लेख; ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा माझा मुलगा, असे तिने दगडावर लिहून ठेवले. ते वाचून दाखवताना बाबा म्हणत की एवढे कौतुक फक्त आईच करू शकते, आणि आई म्हणत असे की तिला दगड तरी मिळाला. मी फोटो काढले आहेत, ते मोठे करून आणते. लेण्यांऐवजी एक नवी जागा सुचवते, जिथे तुम्ही दोघेही कधी गेला नाहीत: निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधाऱ्याच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात, आणि २०२० मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा ठरली. चापडगावच्या बाजूने सगळी वाट सपाट आहे. फक्त निफाडची थंडी माहीत आहेच, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि आईची शाल सक्तीची.

दादाशी बोलले आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेवाग्राम एक्स्प्रेसच्या खालच्या दोन बर्थ तो काढील. रात्री बसायचे आणि सकाळी नाशिकरोड. मी आदल्या दिवशी पुण्याहून येऊन घर झाडून ठेवीन. पातेल्याचे पैसे दिले आहेत, पण ते मी आणणार नाही. कल्हई बरोबर झाली की नाही हे आईनेच पाहावे, म्हणून पावती देवघराच्या खणात ठेवली आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, आज सकाळी पाणी मारुतीच्या पावलांपर्यंत उतरले.